राखेची बशी कोण उचलतो?

हॉटेलांतल्या आणि बारमधल्या धूम्रपानाच्या खोल्या ठेवाव्यात की बंद कराव्यात, हा वाद आपल्याकडे दर दोन-तीन वर्षांनी उकरला जातो आणि दर वेळी त्याच दोन पात्रांमध्ये रंगतो. एका बाजूला सिगारेट ओढणारे गिऱ्हाईक आणि त्याचे स्वातंत्र्य. दुसऱ्या बाजूला बायकामुलांना घेऊन जेवायला आलेले, धुराने वैतागलेले गिऱ्हाईक आणि त्याचा हक्क. मधे तोंड पाडून बसलेला हॉटेलमालक. मध्यंतरी एका परिसंवादात दीड तास हाच सामना ऐकला. वक्ते तयारीचे होते, आकडे पाठ होते, कायद्याची कलमे तोंडावर होती. पण त्या दीड तासात ‘वेटर’ हा शब्द एकदाच उच्चारला गेला, तोही पाण्याची बाटली मागवण्यासाठी. माझे म्हणणे असे, की हा दोन गिऱ्हाइकांमधला वाद म्हणून मांडला की तो सुटूच शकत नाही, कारण दोघेही तासाभरात बिल चुकते करून उठणार असतात. जो उठू शकत नाही, त्याच्या बाजूने पाहिले तर हा सरळसरळ कामाच्या जागेच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तरही तितकेच सरळ आहे. हॉटेले आणि उपाहारगृहे यांना कायद्याने दिलेली धूम्रपान-खोलीची सवलत काढून टाकली पाहिजे.

ही सवलत नेमकी काय आहे, ते आधी पाहू. 2003 चा सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादने अधिनियम, ज्याला सगळे ‘कोटपा’ म्हणतात, त्याचे चौथे कलम सार्वजनिक जागी धूम्रपानाला मनाई करते. त्याच कलमाला एक शेपूट आहे. तीस खोल्यांचे हॉटेल, तीस किंवा अधिक आसनांचे उपाहारगृह आणि विमानतळ यांना धूम्रपानासाठी वेगळी जागा राखता येते. ही जागा कशी असावी ते 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू झालेल्या नियमांत बारकाईने लिहिले आहे: चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती, आपोआप मिटणारे दार, धूर थेट इमारतीबाहेर फेकणारी यंत्रणा, आणि आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी, म्हणजे दार उघडले तरी हवा आतच ओढली जावी. 2017 च्या दुरुस्तीने अशा जागेत कोणतीही सेवा देण्यास मनाई केली. कागदावर पाहिले, तर वेटरने त्या खोलीत पाऊल टाकण्याचे कारणच उरत नाही. पण सवलतीचे मोजमाप पाहा. वीस खुर्च्यांच्या इराण्याकडे काम करणाऱ्या पोऱ्याला कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे आणि दीडशे खुर्च्यांच्या बारमध्ये राबणाऱ्या तीस-चाळीस माणसांच्या वाट्याला सवलत. जागा जितकी मोठी आणि तिथे कामाला माणसे जितकी जास्त, तितकी धुराची मुभा अधिक! कायदा करणाऱ्यांनी खुर्च्या मोजल्या, खुर्च्यांमधून फिरणारी माणसे मोजली नाहीत.

कागदाबाहेर काय चालते, ते मुंबईबाहेर हमरस्त्यावरच्या एका परमिट रूममध्ये मी दोन-तीनदा पाहिले आहे. धूम्रपानाची खोली आहे, काचेचे दार आहे, दारावर पाटीही आहे. ते दार बिअरच्या रिकाम्या क्रेटने उघडे अडवून ठेवलेले असते, कारण दोन्ही हातांत ट्रे घेऊन आत शिरणाऱ्याला दर वेळी दार ढकलणे जमत नाही. सेवा नाही म्हणावी तर आत चकण्यापासून मटण-हंडीपर्यंत सगळे पोचते. अकरानंतर बाहेरच्या मोठ्या हॉलमध्येही एकेक काडी ओढली जाऊ लागते आणि मग कुणी न मागता टेबलावर एक बशी येते. बशीत घडी घातलेला ओला टिश्यू असतो. अ‍ॅश-ट्रे ठेवायला नियमांची मनाई आहे. बशी ही बशीच. ती बशी आणणारा विशीतला मुलगा परभणीकडचा होता. मी विचारले तेव्हा म्हणाला, “आतली टेबलं नव्या पोराला देतात, साहेब. दुसरा नवा आला की मी सुटणार.” रात्री बार बंद झाल्यावर टेबले भिंतीला लावून, त्याच हॉलमध्ये चादरी अंथरून सहा जण झोपतात. सकाळी डोके जड असते, पण ते अपुऱ्या झोपेनेही होत असेल, असेही तोच म्हणाला. एक गोष्ट मात्र त्याने न विचारता सांगितली. गावी जायच्या आदल्या दिवशी तो पिशवीतले सगळे कपडे धुऊन घेतो, कारण वासावरून आईला वाटते, पोरगा बिड्या ओढायला लागला.

या मुलाच्या छातीत काय जाते, याचा हिशेब अंदाजाने करण्याची गरज उरलेली नाही. जळत्या सिगारेटचा बहुतांश धूर ओढणाऱ्याच्या छातीत जातच नाही. दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात तो टोकावरून सरळ खोलीत मिसळतो, आणि टोक तेव्हा मंद जळत असल्याने त्यातली काही विषारी द्रव्ये ओढलेल्या धुरापेक्षाही अधिक असतात. जपानमध्ये हिरायामा यांनी नव्वद हजारांहून अधिक धूम्रपान न करणाऱ्या विवाहित स्त्रियांचा मागोवा घेऊन 1981 मध्ये दाखवले, की नवरा जितका जास्त ओढणारा, तितका बायकोला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका मोठा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात दुसऱ्याच्या धुराला अ‍ॅस्बेस्टॉसच्याच पंक्तीत, म्हणजे माणसात कर्करोग घडवतात हे सिद्ध झालेल्या गोष्टींमध्ये बसवले. गिऱ्हाईक या धुरात आठवड्यातून एखादी संध्याकाळ बसते. वेटर त्यात आठवड्याचे सहा दिवस, रोज आठ-दहा तास असतो, आणि बसलेला नसतो. ट्रे घेऊन धावणारा माणूस खुर्चीत टेकलेल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त हवा आत घेतो. कामाचा वेग जेवढा, तेवढा त्याचा घास मोठा.

धूर थांबला की काय होते, हे आयर्लंडने दाखवले. 29 मार्च 2004 रोजी पबसकट कामाच्या सर्व बंदिस्त जागांत धूम्रपान बंद करणारा तो पहिला देश. तेव्हाचे आरोग्यमंत्री मिहॉल मार्टिन यांनी हा कायदा लोकांच्या सवयी सुधारण्यासाठी म्हणून मांडला नाही, तर कामगारांच्या आरोग्यासाठी म्हणून मांडला, आणि बार-कामगारांची मँडेट ही संघटना त्यांच्या बाजूने उभी राहिली. डब्लिनमधल्या 42 पबांची हवा आणि 81 बारमन यांची तपासणी बंदीच्या आधी व एक वर्षानंतर झाली. हवेतले सूक्ष्म कण 83 टक्क्यांनी उतरले, बेंझिन 80 टक्क्यांनी. शरीरात निकोटिन मोडल्यावर जे कोटिनिन उरते, ते लाळेत मोजता येते. धूम्रपान न करणाऱ्या बारमन मंडळींच्या लाळेतले कोटिनिन 81 टक्क्यांनी कमी झाले. दुसऱ्या एका पाहणीने अधिक चलाखी केली. तिने सीमेपलीकडच्या उत्तर आयर्लंडमधल्या बार-कामगारांनाही तपासले: तेच बेट, तोच पाऊस, तसेच पब, पण ब्रिटनचा कायदा आणि तेव्हा बंदी नाही. दक्षिणेत कोटिनिन 80 टक्क्यांनी घटले, उत्तरेत 20 टक्क्यांनी. त्याच्या सहा वर्षे आधी, 1 जानेवारी 1998 ला, कॅलिफोर्नियाने बारमधले धूम्रपान थांबवले. तिथे सॅन फ्रान्सिस्कोतल्या 53 बारटेंडरांपैकी 39 जणांना आधी खोकला, कफ, धाप, छातीतली घरघर यांपैकी काहीतरी होते. बंदीनंतरच्या काही आठवड्यांतच त्यांतल्या 23 जणांची ही लक्षणे गेली. काही आठवड्यांत! ज्याला आपण ‘या धंद्यात खोकला असायचाच’ म्हणून सोडून देतो, तो खोकला धंद्याचा नव्हता, धुराचा होता.

इथे विरोधकांचा एक आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, कारण बंदीचे समर्थक तो झाकून ठेवतात. या पाहण्या लहान आहेत. 53 आणि 81 माणसांवरून तीस वर्षांनी कोणाला कर्करोग होईल, हे कळत नाही. ‘तुम्हाला आता बरे वाटते का’ या प्रश्नाला, कायदा आवडलेला माणूस ‘हो’ म्हणण्याकडेच झुकेल. आणि समर्थकांनी काही आकडे फुगवूनही वापरले आहेत. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या हेलेना या छोट्या गावात 2002 मध्ये सहा महिने बंदी होती, तेव्हा हृदयविकाराच्या झटक्यांनी दाखल होणारे रुग्ण 40 टक्क्यांनी घटल्याचे प्रसिद्ध झाले आणि तो आकडा जगभर फिरला. गाव एवढे लहान, रुग्ण मोजके. अशा ठिकाणी चार-दोन रुग्ण कमी-जास्त झाले तरी टक्केवारी उड्या मारते. पुढे स्कॉटलंडसारख्या मोठ्या प्रदेशात मोजले गेले, तेव्हा घट 17 टक्के निघाली आणि त्याच काळात, बंदी यायच्या आधीच्या इंग्लंडमध्येही ती 4 टक्के होती. म्हणजे परिणाम आहे, पण घोषणांत सांगितला जातो त्यापेक्षा लहान. हे सगळे खरे मानूनही वेटरच्या बाबतीतला युक्तिवाद ढळत नाही. लाळेतले कोटिनिन कोणाच्या मतावर चालत नाही. ते शरीरात धूर शिरल्याची पावती आहे. धूर कर्करोग घडवतो हे स्वतंत्रपणे ठरलेले आहे, तो कामगाराच्या शरीरात शिरतो हे ठरलेले आहे, बंदीनंतर शिरायचा थांबतो हेही ठरलेले आहे. याउपर आणखी कशाची वाट पाहायची? वेटरांच्या प्रेतांची स्वतंत्र गणती होण्याची?

विरोधकांचा सगळ्यात दमदार मुद्दा मात्र शास्त्राचा नाही, संमतीचा आहे. बार ही खाजगी जागा आहे. मालकाने धूर चालवून घेतला, गिऱ्हाइकाने पत्करला, आणि वेटरने नोकरी धरताना डोळे उघडे ठेवूनच धरली. मग सरकारने मधे का पडावे? प्रौढ माणसाने स्वतःच्या छातीचे काय करावे हे सरकारने ठरवू नये, हे मलाही पटते. धूम्रपानाविरुद्ध बोलणाऱ्यांच्या स्वरात अनेकदा जो सोवळेपणा असतो, त्याचा मला कंटाळा आहे. पण वेटरची संमती म्हणजे नेमके काय? कॅनडात हेदर क्रो नावाच्या बाईंनी चाळीसएक वर्षे वेट्रेस म्हणून काम केले, आयुष्यात सिगारेट ओढली नाही, आणि 2002 मध्ये त्यांना फुप्फुसाचा कर्करोग निघाला. ओंटारिओच्या कामगार भरपाई मंडळाने त्यांचा दावा मान्य केला. हा रोग कामावरून आला, असे त्या निर्णयाने अधिकृत झाले. 2006 मध्ये त्या गेल्या. त्यांनी कोणत्या दिवशी, कोणत्या कागदावर या रोगाला होकार दिला होता? परभणीच्या त्या मुलाने होकार दिला तो झोपायची जागा, दोन वेळचे जेवण आणि टीप यांना. धुराबद्दल त्याला जादा पगार नाही. उलट, जो सगळ्यात नवा, ज्याचे चालणे सगळ्यात कमी, त्याच्याच गळ्यात आतली टेबले पडतात. बाजार खरोखरच जोखमीची किंमत देत असता, तर आतल्या टेबलांसाठी जुने वेटर भांडले असते.

संमतीचा हा युक्तिवाद मुंबईला नवा नाही. गिरणीतही कोणाला बांधून आणत नव्हते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला, त्यात मागितले काय होते? आठवड्याची एक सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, कामावर जखमी झालेल्याला आधार. रविवारची सुट्टी मिळायला 10 जून 1890 उजाडावे लागले. एकेकट्या कामगाराला ती सुट्टी ‘वाटाघाटीने’ मिळवता आली असती, असे आज कोणी म्हणेल का? काही गोष्टी सगळ्यांना एकदम मिळाल्या तरच मिळतात, कारण एकट्याने मागितल्या की मागणारा बाहेर आणि दुसरा आत. धुराचे तसेच आहे. एका वेटरने ‘मी आत जाणार नाही’ म्हटले, तर बदलतो तो वेटर, खोली तशीच राहते.

त्याच काळातली आणखी एक गोष्ट इथे अधिक उपयोगी आहे. सरकारच्या दुटप्पीपणाचा आक्षेप तुम्ही ऐकला असेल: सिगारेटवर कर वसूल करायचा, आयुर्विमा महामंडळाने सिगारेट कंपनीचे मोठे समभाग बाळगायचे, आणि मग त्याच सरकारने बारमध्ये येऊन आरोग्याच्या गप्पा मारायच्या! आक्षेप खरा आहे. पण 1881 चा पहिला कारखाना कायदा आठवा. सात वर्षांखालच्या मुलांना गिरणीत कामाला लावता येणार नाही, बारा वर्षांखालच्यांना नऊ तासांहून अधिक राबवता येणार नाही, एवढेच त्याचे माफक म्हणणे. त्यामागे इंग्लंडातल्या लँकेशायरच्या कापडवाल्यांचा रेटा होता, आणि मुंबईच्या स्वस्त मजुरीची त्यांना वाटणारी धास्ती हे त्याचे एक मोठे कारण होते, हे कोणी नाकारत नाही. म्हणूनच टिळकांच्या ‘केसरी’सह बहुतेक राष्ट्रीय वृत्तपत्रांनी अशा कायद्यांना विरोध केला, आणि लोखंड्यांचा ‘दीनबंधु’ जवळजवळ एकटा कामगारांच्या बाजूने उभा राहिला. हेतू मतलबी असल्याचा ‘केसरी’चा संशय चुकीचा नव्हता. चूक पुढच्या पायरीवर झाली: कायदा करणारा लबाड आहे, म्हणून सहा वर्षांच्या पोराने गिरणीत जावे, हे कसे निघते? सरकारचा दुटप्पीपणा हे सरकारला दुसऱ्या आघाडीवर धारेवर धरण्याचे कारण आहे. वेटरला धुरात ठेवण्याचे ते कारण होऊ शकत नाही.

आता मधला मार्ग, जो समंजस माणसांना नेहमी भुरळ घालतो: चांगला एक्झॉस्ट बसवा, खोली नियमाप्रमाणे बांधा, सगळ्यांचे भागेल. नियमाप्रमाणे बांधलेली खोली बाहेर जेवणाऱ्या कुटुंबाला बऱ्यापैकी वाचवते, हे मान्य. आतल्या माणसाला वाचवत नाही. अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या संघटनेने, म्हणजे ज्यांचे पोटच पंखे आणि नळ्या यांवर चालते त्या लोकांनी, 2005 मध्ये जाहीर केले, की बंदिस्त जागेतल्या धुराचा आरोग्याला असलेला धोका पुरता काढायचा तर धूम्रपान थांबवणे हा एकच मार्ग आहे. विमानांचा इतिहासही हेच सांगतो. एकेकाळी विमानात मागच्या रांगा ओढणाऱ्यांच्या आणि पुढच्या न ओढणाऱ्यांच्या असत. एकाच नळकांड्यातल्या हवेची ही वाटणी आज आपल्याला विनोदी वाटते, पण तेव्हा तीही समंजस तडजोडच होती. प्रवासी निदान आपापल्या रांगेत बसून राहत. हवाई सेविकांना दोन्हीकडे फिरावे लागे. 1991 मध्ये अमेरिकेतल्या हवाई सेविकांनी सिगारेट कंपन्यांवर दावा ठोकला. त्यातल्या एक वादी नॉर्मा ब्रॉइन यांनी कधी सिगारेट ओढली नव्हती, आणि वयाच्या बत्तिशीत त्यांना फुप्फुसाचा कर्करोग झाला होता. 1997 मध्ये कंपन्यांनी 30 कोटी डॉलर संशोधनासाठी देऊन तडजोड केली. आज विमानात धूम्रपानाची खोली मागायला कोणी धजावत नाही. मग जमिनीवरच्या वेटरची छाती हवाई सेविकेच्या छातीपेक्षा वेगळ्या मातीची आहे काय?

शिवाय नियम ‘सेवा नाही’ म्हणतो, तेव्हा त्या खोलीतली बशी कोण रिकामी करतो, सांडलेली दारू कोण पुसतो, रात्री खुर्च्यांखालची थोटके कोण झाडतो, हे प्रश्न त्याला पडलेले दिसत नाहीत. खोली आपली आपण साफ होत असावी.

धंद्याचे म्हणाल, तर मी हॉटेलवाल्यांना सरसकट खोटे पाडणार नाही. ज्याच्याकडे गच्ची नाही, अंगण नाही, अशा पहिल्या मजल्यावरच्या छोट्या बारला गिऱ्हाईक गमवावे लागेल, निदान काही महिने. आयर्लंडमधले पबही बंदीनंतर कमी झाले, फक्त त्यांची उतरण बंदीच्या आधीच सुरू झाली होती. न्यूयॉर्क शहराने बंदीनंतर वर्षभराने आकडा दिला, की उपाहारगृहे आणि बार यांच्याकडून आलेला कर 8.7 टक्क्यांनी वाढला. पण ते शहर तेव्हा 2001 च्या हल्ल्यातून सावरत होते, त्यामुळे हा आकडा बंदीच्या खात्यावर मांडणे मला प्रामाणिक वाटत नाही. म्हणता येते ते एवढेच, की सांगितला जातो तो प्रलय कुठे आला नाही. आपल्याकडेही डिसेंबर 2017 मध्ये कमला मिल आवारातल्या आगीत 14 माणसे गेली, हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट दाखवले गेले, आणि 2018 मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलून हुक्का पार्लरवर बंदी घातली. मुंबईची रात्र त्याने बुडाली नाही. इथेही सवय तीच: कायदा हलला तो गिऱ्हाइके मेल्यावर. त्या पार्लरांत रोज रात्री निखारे फुंकणारी पोरे कोणाच्या अहवालात आली नाहीत.

सवलत जिथे पैसा मोठा तिथेच चिकटून राहते, हेही ध्यानात घ्यावे. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने 2006 मध्ये कामाच्या जागा धूरमुक्त केल्या आणि अटलांटिक सिटीच्या कसिनोंचे जुगाराचे मजले वगळले. पत्ते वाटणारा डीलर गिऱ्हाइकापासून हातभर अंतरावर, तोंडासमोर तोंड करून उभा असतो, त्यालाच वगळले! ते कामगार संघटित होऊन वर्षानुवर्षे त्या सवलतीविरुद्ध झगडत आले आहेत आणि कसिनोवाल्यांचे उत्तर ठरलेले आहे: धंदा शेजारच्या राज्यात जाईल.

एक आक्षेप आपल्या मातीतला आहे आणि त्याला मी परदेशी पाहण्यांनी उत्तर देऊ शकत नाही. महाराष्ट्रात सिगारेट-बिडी ओढणारे थोडे आणि तंबाखू, मावा, गुटखा खाणारे कितीतरी अधिक. हॉटेल कामगारांपैकी अनेकांच्या गालातच पुडी असते. मग त्यांना मारणारे काय, गिऱ्हाइकाचा धूर की स्वतःची पुडी? आणि भटारखान्यातल्या धुराचे काय? हे दोन्ही प्रश्न योग्य आहेत. पुडीने मरणारे जास्त असतील, हे मी मानतो. पण पुडी त्याने स्वतः तोंडात ठेवली, धूर दुसऱ्याने त्याच्या तोंडावर सोडला. कायद्याने आधी हात घालायचा तो दुसऱ्यात. आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या बारटेंडरांमध्ये स्वतः सिगारेट ओढणारेही होते. बार धूरमुक्त झाल्यावर त्यांचीही लक्षणे कमी झाली. भटारखान्याचे तर मी म्हणेन, की तो आक्षेप माझ्याच बाजूचा आहे. 2025 मध्ये मुंबई महापालिकेने कोळशाच्या तंदूर भट्ट्या बंद करण्याच्या नोटिसा काढल्या, तेव्हा शहराच्या हवेवर चर्चा झाली आणि रोटीच्या चवीवर तर फारच झाली. भट्टीत हात घालून रोटी लावणारा माणूस दिवसभर त्या कोळशाच्या वाफेवर वाकलेला असतो, ही गोष्ट कोणाला बोलण्याजोगी वाटली नाही.

मग करायचे काय? ‘नको असेल तर दुसरी नोकरी धर’ हे उत्तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एका वेगळ्या संदर्भात 2007 मध्येच निकालात काढले आहे. दारू दिली जाते त्या जागी स्त्रियांना कामाला ठेवू नये, या 1914 च्या पंजाब अबकारी कायद्यातल्या तरतुदीवर अनुज गर्ग प्रकरणात वाद झाला, तेव्हा न्यायालयाने तरतूद रद्द केली. जागा असुरक्षित असेल तर कामगाराला तिथून दूर ठेवणे हा उपाय नव्हे, जागा सुरक्षित करणे हे राज्याचे काम, असा त्या निकालाचा रोख आहे. वेटरला लागू करायला यात एक शब्दही बदलावा लागत नाही. केंद्राने 2020 च्या अखेरीस ‘कोटपा’च्या दुरुस्तीचा मसुदा काढला होता, हॉटेले आणि उपाहारगृहांची ही सवलत काढण्याचे त्यात होते. मसुदा तिथेच थबकला. तो बाहेर काढावा, पण या वेळी त्याच्या उद्देशात कामगाराचे नाव लिहून काढावा. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग आपल्या भरपाई कायद्यात व्यवसायजन्य म्हणून नोंदलेला आहे. गिरण्या गेल्या तरी ती नोंद आहे. हॉटेलातल्या धुराने होणाऱ्या रोगाची तशी नोंद नाही, आणि महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना अधिनियम थोड्या माणसांच्या जागांना बहुतेक जबाबदाऱ्यांतून मोकळे सोडतो. हुक्क्याबाबत राज्याने केंद्राच्या कायद्यात आपली दुरुस्ती करून दाखवलीच आहे. तोच मार्ग धूम्रपानाच्या खोल्यांसाठीही खुला आहे.

बंदीने ओढणारे रस्त्यावर येतील, दारातल्या वॉचमनला आणि शेजारच्या टपरीवाल्याला धूर लागेल, हे खरे. उघड्या हवेतला तो धूर बंद खोलीतल्या धुराच्या मानाने फार थोडा असतो. दारापासून काही पावले दूर उभे राहण्याचा नियम केला की तोही आणखी कमी होतो. याहून अवघड आहे तक्रारीचे. सध्याच्या नियमांनुसार 60 सेंटिमीटर गुणिले 30 सेंटिमीटरची पाटी लावायची आणि तक्रार कोणाकडे करायची, त्याचे नाव तिथे लिहायचे. तक्रार येऊनही जागेच्या चालकाने काही केले नाही, तर जितके ओढणारे तितक्या गुन्ह्यांचा दंड त्याच्यावर. आणि हा दंड प्रत्येकी 200 रुपयांपर्यंत, म्हणजे अनेक ठिकाणी एका पेगपेक्षा कमी. मी पाहिलेल्या त्या परमिट रूममध्ये पाटी होती आणि पाटीवर नावही होते. ते नाव मॅनेजरचे होते, त्याच मॅनेजरचे, जो रोज संध्याकाळी सहाला आतली टेबले कोणाकडे जाणार ते ठरवतो. त्या जागी कामगार आयुक्त कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक यावा, आणि तक्रार करणाऱ्याचे नाव मालकाला कळवायचे नाही, एवढे वाक्य नियमांत पडावे.